रमाबाई रानडे : घरच्या शाळेतील इंग्रजी

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• रमाबाई रानडे यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• एकोणिसाव्या शतकातील विवाहित स्त्रीला इंग्रजी शिकताना आलेल्या अडचणींचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• व्यवहारातील शब्दसंग्रह व वाक्प्रचार कसे आत्मसात होतात, हे या चरित्राच्या आधारे समजावून देता येईल.
• स्वतःच्या भाषाभ्यासासाठी या चरित्रातून काय घेता येईल, याचा विचार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

नाशिकहून पुण्याला जाणाऱ्या रस्त्यावर प्रवरेच्या काठी संगमनेर हे गाव आहे. शाहीर अनंत फंदी यांचे हे गाव. फंदींच्या हयातीतच, १८१८ मध्ये, पेशवाई संपली आणि महाराष्ट्रात इंग्रजांचा अंमल सुरू झाला. तोपर्यंत सरकारदरबारी फारसीतून आलेले फिर्याद, हुकूम, तारीख, जप्ती असे शब्द रुळलेले होते. पुढच्या काही दशकांत त्यांच्या शेजारी कोर्ट, समन्स, अपील, नोटीस हे शब्द येऊन बसले. रेल्वे आली तेव्हा स्टेशन आणि तिकीट आले. इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्या तोंडीही हे शब्द सहज येऊ लागले. परंतु सुटे शब्द तोंडी येणे निराळे आणि ती भाषा वाचता, लिहिता व बोलता येणे निराळे. हे दुसरे सामर्थ्य त्या काळी मोजक्या पुरुषांपाशी होते. स्त्रियांना ते मिळण्याचा मार्ग जवळजवळ नव्हताच.

अशा काळात रमाबाई रानडे इंग्रजी शिकल्या. ज्या दोन गावांत त्यांचे इंग्रजी मुख्यतः घडले ती नाशिक आणि पुणे होत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी, आत्मचरित्रकार आणि 'सेवासदन' संस्थेच्या आधारस्तंभ म्हणून त्या सर्वपरिचित आहेत. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या जीवनाकडे एका विशिष्ट बाजूने पाहणार आहोत. घरकाम, नातीगोती आणि लोकनिंदा सांभाळून एक परकी भाषा शिकणारी विद्यार्थिनी म्हणून आपण त्यांचा परिचय करून घेऊ. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ बालपण आणि विवाह

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. देवराष्ट्रे हे आजच्या सांगली जिल्ह्यातील गाव. ज्यांचे नाव आपल्या महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाला दिले आहे त्या यशवंतराव चव्हाण यांचेही हेच जन्मगाव, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. रमाबाईंचे माहेरचे नाव यमुना. माहेरी मुलींना लिहा-वाचायला शिकवण्याची प्रथा नव्हती. त्यामुळे विवाहापर्यंत त्यांना अक्षरओळखही झालेली नव्हती.

१८७३ च्या अखेरीस, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे होते आणि पुण्यात न्यायखात्यात अधिकारावर होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. विधवाविवाहाचे ते पुरस्कर्ते होते. म्हणूनच पहिल्या पत्नीच्या निधनानंतर ते एखाद्या विधवेशी विवाह करतील अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी कुमारिकेशी विवाह केला आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. निरक्षर बालिका आणि विख्यात विद्वान अशा या विषम जोडप्याच्या संसारातच रमाबाईंची शाळा सुरू झाली.

४.३.२ अक्षरओळखीपासून इंग्रजीपर्यंत

विवाहानंतर लगेचच रानडे यांनी पत्नीला मराठी अक्षरे शिकवायला आरंभ केला. दिवसभराच्या कामानंतर रात्री हा अभ्यास चाले. पुढे स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातील एक शिक्षिका घरी येऊन त्यांना शिकवू लागल्या. मराठी वाचन-लेखन स्थिरावल्यावर इंग्रजीची पाळी आली.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. सून रात्री पतीच्या समाधानासाठी थोडे वाचते, इथपर्यंत त्या कशाबशा सहन करीत. परंतु उघडपणे पुस्तक हाती घेणे आणि त्यातही इंग्रजी शिकणे, हे त्यांच्या दृष्टीने मर्यादेचे उल्लंघन होते. त्या काळी पुरुषाच्या इंग्रजीला नोकरीचे प्रयोजन होते. सुनेच्या इंग्रजीला कोणते प्रयोजन, हा त्यांचा रोकडा प्रश्न होता. टोमणे, अबोला, कामाचा भार आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे होणारी चेष्टा या मार्गांनी तो प्रश्न रमाबाईंपुढे दररोज उभा राही.

या विरोधाकडे केवळ दुष्टपणा म्हणून पाहिल्यास तो नीट समजणार नाही. विरोध करणाऱ्या स्त्रियांची स्वतःची सारी प्रतिष्ठा घरातील रीतिभाती पाळण्यावर उभी होती. त्यांच्यापैकी काहींच्या वाट्याला वैधव्य आले होते. शिकलेल्या सुनेचे घर त्यांना परके वाटणे स्वाभाविक होते. रमाबाईंनी पुढे लिहिलेल्या आठवणींत या स्त्रियांविषयी कडवटपणा फारसा आढळत नाही, ही बाब त्यांच्या स्वभावाची साक्ष देते. उलट उत्तर न देणे आणि अभ्यास न सोडणे अशी दुहेरी वाट त्यांनी स्वीकारली. रानडे यांचाही त्यांना हाच सल्ला असे.

४.३.३ नाशिक आणि धुळे : वेळ मिळाल्याचा काळ

१८७८ मध्ये रानडे यांची नाशिकला बदली झाली. पुण्याच्या एकत्र कुटुंबातून बाहेर पडल्यामुळे रमाबाईंना प्रथमच स्वतःचा असा वेळ मिळाला. स्वयंपाकपाणी व घराची व्यवस्था त्यांच्याच अंगावर होती. तरी पुस्तक लपवण्याची गरज उरली नव्हती. इंग्रजीचा अभ्यास येथे नियमित झाला. १८७९ मध्ये धुळ्याला बदली झाल्यावरही तो पुढे चालू राहिला.

नाशिकमध्ये आणखी एक गोष्ट घडली. 'लोकहितवादी' गोपाळराव हरी देशमुख हे त्या वेळी तेथे न्यायाधीश होते. त्यांच्या घरच्या स्त्रियांशी रमाबाईंचा स्नेह जमला. हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्त्रिया एकत्र येऊ लागल्या आणि त्या प्रसंगी काही वाचून दाखवण्याचा प्रघात पडला. मुलींच्या शाळेच्या बक्षीस समारंभात आभार मानण्याचे कामही रमाबाईंनी येथेच प्रथम केले. ते मराठीत होते. तरी चार लोकांत उभे राहून बोलण्याची भीती गेली, हा त्याचा मोठा लाभ होता. परकी भाषा बोलू न शकणाऱ्या पुष्कळांची अडचण शब्दांच्या अभावापेक्षा लोकांपुढे तोंड उघडण्याच्या संकोचाची असते. रमाबाईंचा तो संकोच आधी मातृभाषेत ओसरला.

४.३.४ पुन्हा पुणे : मिस हरफर्ड यांची शिकवणी

१८८१ च्या आरंभी काही काळ मुंबईत काढून रानडे दांपत्य पुन्हा पुण्यास आले. १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला होता. त्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या न्यायाधिकाऱ्यांत रानडे यांची नेमणूक झाली. या कामासाठी त्यांना फिरतीवर जावे लागे. सावकाराचा कागद वाचता न आल्यामुळे फसलेला शेतकरी हा या कायद्याच्या केंद्रस्थानी होता. वाचता न येण्याची किंमत किती जबर असते, हे रानडे यांच्या रोजच्या कामातून त्यांच्या घरापर्यंत पोहोचत होते.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. रमाबाई रानडे या समाजाच्या कार्यात सामील झाल्या. याच सुमारास मिस हरफर्ड या इंग्रज शिक्षिका त्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी येऊ लागल्या. पंडिता रमाबाईंनीही त्यांच्याकडे इंग्रजीचे धडे घेतले. आतापर्यंत रमाबाईंनी इंग्रजी पतीच्या तोंडून आणि पुस्तकातून ऐकले होते. आता ती ज्यांची मातृभाषा होती अशा स्त्रीचा सहवास मिळाला. उच्चार, बोलण्याची ढब आणि दोन स्त्रियांमधील साधे संभाषण या गोष्टी पुस्तकातून मिळणाऱ्या नव्हत्या.

या लाभासाठी मोजावे लागलेले मोल मात्र विलक्षण होते. इंग्रज बाईंच्या स्पर्शाने विटाळ होतो, अशी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची समजूत होती. म्हणून शिकवणीनंतर स्नान केल्याशिवाय रमाबाईंनी घरात वावरू नये, असा आग्रह धरला गेला. रमाबाईंनी तोही मान्य केला. शिकवणी सोडण्यापेक्षा आंघोळ करणे त्यांना पत्करले. एका भाषेच्या प्रत्येक धड्यामागे एक स्नान, असा हा व्यवहार होता. त्यात त्यांचे शरीर झिजले असेल, पण अभ्यासात खंड पडला नाही.

४.३.५ हिराबागेतील सभा

पुण्यात मुलींसाठी इंग्रजी शिक्षण देणारे हायस्कूल असावे, यासाठी रानडे, वामन आबाजी मोडक, रा. गो. भांडारकर प्रभृती मंडळींनी प्रयत्न चालवले होते. त्यासंबंधी हिराबागेत सभा भरली. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन तेथे उपस्थित होते. या सभेत स्त्रियांच्या वतीने इंग्रजीतील निवेदन वाचण्याचे काम रमाबाईंकडे आले. त्यांनी ते व्यवस्थित पार पाडले. १८८४ मध्ये ही शाळा सुरू झाली. 'हुजूरपागा' या नावाने ती आजही प्रसिद्ध आहे.

घरी मात्र या यशाचे स्वागत झाले नाही. परपुरुषांच्या सभेत उभे राहून इंग्रजी वाचणाऱ्या सुनेने घराची अब्रू घालवली, अशी भावना वडीलधाऱ्या मंडळींत उमटली. रमाबाईंनी याही वेळी मौन पाळले. ज्या निवेदनामुळे पुढील अनेक मुलींना उघडपणे इंग्रजी शिकण्याची वाट मोकळी होणार होती, त्याच निवेदनाबद्दल वाचणारीला घरात बोल ऐकावे लागले. या प्रसंगाने एक गोष्ट स्पष्ट होते. भाषा अवगत होणे हा शिक्षणाचा अर्धा भाग झाला. ती भाषा चारचौघांत वापरण्याचा अधिकार मिळवणे हा उरलेला अर्धा भाग असतो आणि पुष्कळदा तोच अधिक कठीण असतो.

४.३.६ कलकत्ता : न्हावी झाला गुरू

१८८६ मध्ये सरकारच्या वित्तसमितीवर नेमणूक झाल्यामुळे रानडे यांना सिमला व कलकत्ता येथे राहावे लागले. रमाबाई त्यांच्याबरोबर होत्या. कलकत्त्यात रानडे यांनी बंगाली शिकायला घेतले. पुस्तके आणली, वर्तमानपत्र सुरू केले आणि अडलेले शब्द ते चक्क दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला विचारू लागले. एवढा मोठा न्यायाधीश न्हाव्यापुढे विद्यार्थी होऊन बसतो, याचे रमाबाईंना हसू आले. रानडे यांनी त्यांना दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली. पुढे रमाबाईही बंगाली शिकल्या आणि त्या भाषेतील पुस्तके वाचू लागल्या.

भाषाभ्यासाच्या दृष्टीने हा लहानसा प्रसंग फार मोलाचा आहे. रोजच्या व्यवहारातील शब्दांचा जाणकार हा त्या भाषेत रोजचा व्यवहार करणारा माणूस असतो. त्याच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. रमाबाईंनी मराठीच्या अक्षरांपासून इंग्रजीपर्यंतचा प्रवास एका विद्वानाच्या हाताखाली केला होता. तो विद्वानही अडलेला शब्द कुणालाही विचारतो, हे त्यांनी येथे डोळ्यांनी पाहिले.

४.३.७ मुंबई आणि उत्तरायुष्य

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि त्यांचे बिऱ्हाड मुंबईस आले. येथे रमाबाईंनी 'हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब' या संस्थेच्या द्वारे स्त्रियांसाठी भाषा, शिवणकाम, प्रथमोपचार इत्यादी विषयांचे वर्ग चालवले. रानडे यांची दृष्टी पूर्वीपासूनच अधू होती. त्यांना वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून दाखवण्याचे काम रमाबाई करीत. घरात ज्या ज्ञानाची गरज कुणालाच पटत नव्हती, ते त्या घराच्या नित्य उपयोगाचे झाले होते.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे यांचे निधन झाले. त्या वेळी रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. शोकाचा काळ एकांतात घालवून त्या पुन्हा सार्वजनिक कार्याकडे वळल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांच्या प्रेरणेने मुंबईत 'सेवासदन' स्थापन झाले. त्याच्याही त्या अध्यक्षा झाल्या. १९०९ मध्ये पुणे सेवासदनाची स्थापना झाली. प्रौढ स्त्रियांचे वर्ग, शिक्षिकांचे प्रशिक्षण, परिचारिकांचे शिक्षण अशी कामे या संस्थेने हाती घेतली. विवाहित असो वा विधवा, वय वाढलेल्या स्त्रीला पुन्हा विद्यार्थिनी होता यावे, हा या कामामागील हेतू होता. रमाबाईंना जे एका व्यक्तीच्या इच्छेमुळे मिळाले, ते इतर स्त्रियांना संस्थेच्या आधाराने मिळू लागले.

१९१० मध्ये त्यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे. मराठी आत्मचरित्रांत या ग्रंथाचे स्थान मानाचे आहे. इंग्रजीसाठी इतके सोसलेल्या रमाबाईंनी आपले आयुष्य मराठीतच, घरगुती आणि सरळ शैलीत सांगितले. इंग्रजीमुळे त्यांची मराठी उणी झाली नाही. पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि पुण्यातील मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठीही त्यांनी परिश्रम घेतले. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

४.४ या चरित्रातून भाषाशिक्षणाचा विचार

रमाबाईंच्या काळी साधने अगदीच नव्हती असे नाही. मोल्सवर्थ यांनी आरंभलेला व कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ पासून उपलब्ध होता. परंतु कोशातून शब्दाचा अर्थ मिळतो. तो शब्द कोणत्या सोबत्यांबरोबर वावरतो, हे वापरातूनच कळते.

वाक्प्रचारांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक जाणवते. वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील सुट्या शब्दांच्या अर्थांची बेरीज करून मिळत नाही. मराठीत आपण 'हातावर तुरी देणे' म्हणतो तेव्हा त्यात हात आणि तूर शोधत नाही. इंग्रजीतही तसेच आहे. 'लुक' म्हणजे पाहणे आणि 'आफ्टर' म्हणजे नंतर. पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळ करणे. 'पुट' म्हणजे ठेवणे, तरी 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. इंग्रजीत सर्दी 'पकडतात', मराठीत ती 'होते'. पाठांतराला इंग्रजीत 'लर्न बाय हार्ट' म्हणतात, म्हणजे तेथे काम हृदयाकडे सोपवलेले आहे. मराठीत मात्र आपण 'तोंडपाठ' म्हणून ते तोंडाकडे देतो. असा वाक्प्रचार शब्दशः भाषांतर करून हाती लागत नाही. तो अख्खा उचलावा लागतो आणि योग्य प्रसंगी पुन्हापुन्हा वापरावा लागतो.

प्रत्येक भाषिकाजवळ दोन प्रकारचा शब्दसंग्रह असतो. वाचताना किंवा ऐकताना ओळखू येणारे शब्द हा एक आणि स्वतः बोलताना-लिहिताना सुचणारे शब्द हा दुसरा. पहिला नेहमीच मोठा असतो. पहिल्यातील शब्द दुसऱ्यात जाण्यासाठी उपयोगाचा प्रसंग लागतो. रमाबाईंच्या बाबतीत असे प्रसंग क्रमाने येत गेले. नाशिकचा नियमित अभ्यास, मिस हरफर्ड यांच्याशी संभाषण, हिराबागेतील वाचन आणि पतीला रोज वाचून दाखवणे या पायऱ्यांनी त्यांचे इंग्रजी ओळखीकडून वापराकडे गेले.

तथापि या चरित्राची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. रमाबाईंच्या शिक्षणाची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या निवडीने झाली नाही. पतीची इच्छा आणि वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध या दोन आज्ञांमध्ये त्या उभ्या होत्या. असा पती लाभला नसता तर काय झाले असते, याचे उत्तर त्या काळच्या असंख्य निरक्षर स्त्रियांच्या आयुष्यात सापडते. पण हेही तितकेच खरे की, रानडे यांच्या निधनानंतर तेवीस वर्षे त्या हे कार्य स्वतःच्या प्रेरणेने करीत राहिल्या. दुसऱ्याच्या इच्छेने हाती घेतलेली पाटी त्यांनी स्वतःच्या इच्छेने इतरांच्या हाती दिली.

प्रौढ विद्यार्थी इंग्रजीत मागे पडला की दोष स्मरणशक्तीला किंवा वयाला दिला जातो. रमाबाईंचे जीवन निराळे कारण दाखवते. प्रौढाला आधी लागते ती रोजची थोडी निर्वेध वेळ, चुकले तरी न हसणारे एखादे माणूस आणि शिकलेले वापरण्याची संधी. या तिन्ही गोष्टी जेथे मिळाल्या तेथे रमाबाईंची प्रगती झाली. जेथे मिळाल्या नाहीत तेथे त्यांना केवळ टिकून राहावे लागले. आपल्या घरात कोणी शिकत असेल, तर त्याला किंवा तिला या तीनपैकी एखादी गोष्ट देणे आपल्या हाती असते.

४.५ सारांश

रमाबाई रानडे (१८६२-१९२४) या विवाहापर्यंत निरक्षर होत्या. पतीच्या मार्गदर्शनाखाली त्या मराठी व नंतर इंग्रजी शिकल्या. घरातील विरोध त्यांनी मौनाने सोसला, पण अभ्यास सोडला नाही. नाशिकमध्ये त्यांच्या अभ्यासाला नियमितता आली, पुण्यात मिस हरफर्ड यांच्यामुळे बोलीचा परिचय झाला आणि हिराबागेतील सभेत त्यांनी इंग्रजीचा सार्वजनिक वापर केला. पुढे सेवासदनाच्या द्वारे त्यांनी प्रौढ स्त्रियांना शिक्षणाची संधी मिळवून दिली. व्यवहारातील शब्द आणि वाक्प्रचार सुट्या पाठांतरापेक्षा नियमित सराव, संवाद आणि प्रत्यक्ष उपयोग यांतून आत्मसात होतात, हे त्यांच्या चरित्रावरून दिसून येते.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. रमाबाईंचे माहेरचे नाव काय होते?
२. नाशिकला बदली झाल्याने रमाबाईंच्या अभ्यासाला कोणता लाभ झाला?
३. रमाबाईंच्या आत्मचरित्राला कोणाची प्रस्तावना आहे?

(ब) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. घरातील स्त्रियांच्या विरोधामागील कारणे स्पष्ट करा.
२. कलकत्त्यातील प्रसंगातून भाषाशिक्षणाविषयी कोणता बोध होतो?
३. वाक्प्रचाराचे शब्दशः भाषांतर का करता येत नाही, ते दोन उदाहरणे देऊन सांगा.

(क) सविस्तर उत्तर लिहा.
१. 'भाषा अवगत होणे आणि ती चारचौघांत वापरण्याचा अधिकार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.' रमाबाई रानडे यांच्या चरित्राच्या आधारे या विधानाची चर्चा करा.

४.७ उपक्रम

बँक, दवाखाना, एस. टी. स्थानक किंवा बाजार समिती यांपैकी एका ठिकाणी आठवडाभरात कानावर पडलेल्या वीस इंग्रजी शब्दांची व वाक्प्रचारांची वही तयार करा. प्रत्येकाचा अर्थ, तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य आणि आपण स्वतः केलेले एक वाक्य देवनागरीत लिहा. अडलेला शब्द त्या ठिकाणी काम करणाऱ्या व्यक्तीला विचारा. आठवड्याच्या अखेरीस यांपैकी किती शब्द वही न पाहता बोलण्यात आले, ते मोजा.